शेवटून दुसरं शून्य

रमजानचा एकोणतिसावा दिवस मावळला तेव्हा ओमानमधल्या बर्क्याच्या डेअरीत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले होते. झुवैनाचे मात्र मुझनाच्या मुठीकडे. दहा महिन्यांच्या त्या बाईसाहेबांनी मुठीत काय धरलंय ते आईला दाखवायचं नाही असं पक्कं ठरवलेलं. बोट सोडवावं तर दुसरी मूठ पुढे. शेवटी त्यातून निघाली बाटलीच्या झाकणाची निळी पट्टी, आणि ती काढून घेतल्याबद्दल जो आक्रोश झाला तो थेट बाटल्या भरण्याच्या यंत्रापर्यंत पोचला.

"अगं, तिला देऊन टाक काहीतरी," दारातून खल्फानकाका म्हणाले. "नाहीतर चंद्र बाहेर यायचाच नाही, घाबरून."

खल्फानकाका डिस्पॅचचे प्रमुख. अठरा ट्रक, बावीस ड्रायव्हर आणि गुडघेदुखी एवढा त्यांचा संसार. कानाला मोबाइल लावून ते मघापासून येरझाऱ्या घालत होते. झुवैनाच्या खोलीत चटई अंथरून सगळ्यांनी मिळून रोजा सोडला होता. खजूर, सांबूसे आणि थंडगार लबन, म्हणजे डेअरीचंच ताक. खजुराच्या बिया अजून बशीत होत्या. नवरा नभान रुस्ताकच्या इस्पितळात ड्यूटीवर, सासूबाई ईदच्या तयारीसाठी गावी गेलेल्या, म्हणून आज मुझनाही आईबरोबर कामावर आली होती.

कामाची खोली म्हणजे दोन टेबलं. एक झुवैनाचं आणि एक शौकी उस्तादांचं. शौकी उस्ताद निवृत्त होऊन इजिप्तला परतले त्याला दीड वर्ष झालं, तरी त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. बर्क्याचा सगळा कॉम्प्युटर विभाग आता ती एकटीच होती. आणि तोही आणखी किती दिवस, याचा काही नेम नव्हता. दुबईच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं होतं. ईद झाली की बर्क्याचा विभाग बंद, सगळं काम दुबईतून. सुट्टीनंतर कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी तिथले साहेब, अबू हमदान, त्या कागदावर सही करणार होते. झुवैनाने हवं तर दुबईला यावं. दुबई चार तासांवर, मधे सरहद्द, आणि मुझनाचं अंगावरचं दूध अजून तुटलं नव्हतं. म्हणजे 'हवं तर'चा अर्थ उघडच होता. घरी बस.

तिने मनाशी एकच ठरवलं होतं. सही होईपर्यंत आपल्या हातून एकही चूक व्हायची नाही. अशी चोख कामं करायची की तिकडच्यांना सही करताना लाज वाटावी.

"उलट बोलतेस तू," खल्फानकाका म्हणाले होते. "बारा वर्षं मी ट्रक वेळेवर सोडतोय, दुबईत माझं नाव कुणाला ठाऊक आहे? एकदा टायर फुटला तेव्हा बरोबर फोन आला. एखादी चूक कर बघू चांगलीशी. निदान कळेल तरी, तू इथे आहेस म्हणून."

"काका, तुम्ही ट्रकच सांभाळा."

सात वाजता खल्फानकाकांचा मोबाइल टणटणू लागला. दुबईच्या ड्रायव्हरांचे मेसेज. ईद मुबारक, ईद मुबारक, सोबत फुलं, तोफ, उंट यांची चित्रं. तिकडे चंद्र दिसला होता. काका वाट बघत राहिले. दहा मिनिटांनी मस्कतहून बातमी आली. इकडे काही दिसला नाही. उद्या तिसावा रोजा, ईद परवा.

"वा!" काकांनी मांडीवर थाप मारली. गुडघ्याचं आठवलं तसा हात मागे घेतला. "शेवटचा रोजा! उद्या संध्याकाळी घराघरात लबन लागणार. परवाच्या ईदच्या जेवणाची, अर्सियाची तयारी, पाहुणे, पोरंबाळं! पोरी, यादी साडेआठला निघते ना? अठराच्या अठरा ट्रक हवेत मला पहाटे."

झुवैनाने उद्याचं पान उघडलं. यादी कोरी होती.

एकही दुकान नाही, एकही बाटली नाही. वर लिहिलेलं, 'सुट्टी'.

खरं म्हणजे तिला हे ठाऊक होतं. गेल्या वर्षीपर्यंत ओमानची दिनदर्शिका सिस्टीममध्ये वेगळी होती. मग दुबईत कुणालातरी वाटलं, एकाच कंपनीला दोन दिनदर्शिका कशाला? ओमानची काढून टाकली आणि दोन्ही देशांना एकच लावली. झुवैनाने तीन पत्रं लिहिली. आमचा चंद्र कधीकधी मागाहून येतो, कृपया आमची दिनदर्शिका आम्हाला परत द्या. एकाचंही उत्तर आलं नाही. यंदा तारीख आधीच भरून ठेवलेली, मार्चची तीस. दुबईचा अंदाज बरोबर निघाला. बर्क्याचा नाही.

तिने दुबईला फोन लावला. ड्यूटीवर शम्मा होती, नवीनच लागलेली.

"ईद मुबारक, झुवैना!"

"आमच्याकडे नाहीये गं. उद्या रोजा आहे आमचा."

"अगंबाई! खरंच? मग आता?"

"उद्याची सुट्टी काढून टाक ना, फक्त आमच्यापुरती."

पलीकडे बटणं वाजली. "मला ते उघडतच नाहीये. अर्ज दुपारी दोनपर्यंत द्यायचा असतो. त्यावर अबू हमदानची मंजुरी."

"दुपारी दोनला चंद्र दिसतो का, शम्मा?"

"ते मला कसं माहीत!" शम्मा रडकुंडीला आली. "थांब, त्यांना फोन लावते." लावला. बंद होता. मशिदीत असतील, नाहीतर ईदच्या बाजारात. आणखी दोघांना लावून पाहिलं. तेही बंद. त्यांची ईद लागली होती.

सव्वासात. खल्फानकाका घड्याळाकडे बघत टेबलाशी येऊन उभे राहिले.

आणि झुवैनाला शौकी उस्तादांची खिडकी आठवली.

उस्ताद म्हणायचे, ही सिस्टीम म्हणजे सरकारी वाडा समज. प्रत्येक खोलीला दार, दारावर पहारेकरी. तू दारातून आत गेलीस की तो तुझं नाव लिहून घेतो, काय नेलं काय ठेवलं ते बघतो आणि शेजारच्या खोल्यांना हाक मारून सांगतो. हे झाले पडदे, म्हणजे स्क्रीन, ज्यांवर आपण रोज काम करतो. पण पडद्यांच्या मागे सगळा माल टेबलांमध्ये, म्हणजे तक्त्यांमध्ये भरलेला असतो, ओळींवर ओळी. त्या टेबलात थेट हात घालायचा एक रस्ता आहे. ती खिडकी. तिथे पहारेकरी नाही, वहीत नाव नाही. म्हणून तर धोका. त्यांनी तिला रस्ता दाखवला होता आणि तीन बोटं वर केली होती. एक, आधी जुनी ओळ कागदावर उतरवून घे. दोन, ही ओळ आणखी कोण वाचतं ते शोध. तीन, केल्यावर कुणालातरी सांग, गप्प बसू नकोस.

"मला कधी गरज पडणार नाही," ती तेव्हा म्हणाली होती. उस्ताद नुसते हसले होते.

तिने खिडकी उघडली. दिनदर्शिकेचं टेबल. वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा ओळी, आणि प्रत्येक ओळीत नुसते एक आणि शून्य, दिवसाला एक आकडा. एक म्हणजे काम, शून्य म्हणजे सुट्टी. मार्चच्या शेवटी दोन शून्यं एकमेकांना चिकटून बसलेली, तीस आणि एकतीस. तिने ओळ जशीच्या तशी सांबूशांच्या पुड्याच्या कागदावर उतरवली. दोनदा ताडून पाहिली. पहिलं बोट झालं.

दुसऱ्या बोटाशी ती आलीच होती, की चटईवर एकदम शांतता पसरली.

घरात लेकरू असलेल्या बाईला त्या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही. झुवैना एका झेपेत खाली. मुझनाने बशीतली खजुराची बी तोंडात टाकली होती आणि भुवया उंचावून चव घेत होती. आईचं बोट तोंडात, बी बाहेर, पाठीवर थाप, पुन्हा आक्रोश. खल्फानकाकांनी बशी उचलून कपाटावर ठेवली, मग आणखी वर, फायलींच्या डोक्यावर. झुवैनाने लेकीला कडेवर घेतलं, तिचं ओलं नाक आपल्या खांद्याला पुसलं, आणि तशीच एका हाताने तिने शेवटून दुसऱ्या शून्याचा एक केला.

साठवलं.

दोन मिनिटांत खल्फानकाकांचा मोबाइल वाजला. मग बाहेर कुणाचा, मग यंत्रावर कुणाचा. 'उद्या कामाचा दिवस आहे. पहाटे पाचला हजर राहावे.' उद्याच्या पानावर दुकानं उगवू लागली. बर्का, मुसन्ना, सुवैक, रुस्ताक. काकांनी मोबाइलचं चुंबन घेतलं.

"माशाल्ला! ही पोरगी नाही, मंत्री आहे!"

झुवैना खुर्चीत टेकली. मुझना तिच्या शेल्याचं टोक चघळत होती. कुठे काही चुकलं नव्हतं. जिवात जीव आला.

तो पाचच मिनिटं राहिला. मग शम्माचा फोन.

"झुवैना, आमची ईद कुठे गेली?"

"म्हणजे?"

"अकराशे माणसांना मेसेज गेलाय! उद्या पहाटे पाचला हजर राहा म्हणून! इथे फोन थांबतच नाहीयेत. एक जण म्हणतो, कंपनीला चंद्र दिसला नाही का, मी फोटो पाठवू? एकाचं उद्या लग्न आहे! आणि अबू हमदानचा आता फोन लागला. ते म्हणतात माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मी चहाच्या कपाशिवाय कशाला हात लावला नाही गं, शप्पथ!"

दुसरं बोट. ही ओळ आणखी कोण वाचतं? दुबई वाचतं. दोन्ही देशांना एकच ओळ, तीच तर तिची तक्रार होती, तीन पत्रं लिहून केलेली, आणि नेमकं तेच ती विसरली होती. बर्क्यात बसून तिने अख्ख्या दुबईची ईद रद्द केली होती.

"बोलते मी तुझ्याशी," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

खल्फानकाकांना सगळं सांगितल्यावर ते आधी खालच्या आवाजात हसले. मग तिचा चेहरा बघून हसणं आवरलं.

"कुणाला कळणार? वहीत नाव नाही म्हणालीस ना?"

"नाही."

"मग झालं तर. साडेआठला आपली यादी निघाली की गुपचूप पुन्हा शून्य कर. म्हणायचं, सिस्टीमची काहीतरी गडबड. सिस्टीम काय, ती नेहमीच गडबडते."

"आणि शम्मा? ती तिथे एकटी बसलीय."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. शम्माला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण ड्यूटीवरच्या माणसावर खापर फुटणं म्हणजे काय, हे बारा वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

"लाव फोन," ते म्हणाले. "पण मुझनाला माझ्याकडे दे. हिच्या रडण्याने त्यांचा पारा आणखी चढेल."

तिने मुझनाला दिलं नाही. हाताला काहीतरी धरायला हवं होतं.

अबू हमदानच्या घरी ईद जोरात होती. फोनमधून भांडी, मुलं, हसणं सगळं एकदम ऐकू आलं.

"कोण?"

"बर्क्याहून झुवैना. अबू हमदान, उद्याची सुट्टी मी काढली. शम्माने नाही. मी टेबलात थेट बदल केला. आमच्याकडे उद्या रोजा आहे, लबन निघालं नसतं. ही ओळ तुमचीही आहे हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

हे सगळं तिने एका श्वासात सांगितलं. फोन स्पीकरवर असावा, कारण मागून एका बाईचा आवाज आला. "विचारा तिला, मेंदी धुऊन टाकू का मी? का पाचला तशीच येऊ तुमच्या कारखान्यात?" आणि घरभर हशा पिकला.

अबू हमदान हसले नाहीत. "टेबलात थेट? तुला परवानगी आहे?"

"नाही."

"हे किती गंभीर आहे, ठाऊक आहे? उद्या कुणी असंच पगाराच्या टेबलात हात घालेल. दुधाच्या तारखेच्या टेबलात घालेल."

"ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला."

"अर्ज का नाही केला?"

"अर्ज दुपारी दोनपर्यंत घेतात. चंद्राचं सातनंतर कळतं."

मागून तीच बाई म्हणाली, "खरंच की. सोहारहून ताईचा फोन आला होता ना, त्यांची उद्या ईद नाही म्हणून! तिच्याकडे लबन मिळायला नको?" अबू हमदान तोंड बाजूला करून म्हणाले, "अगं, मी बोलतोय ना!" पण आवाज उतरला होता.

"दोन देशांना एक ओळ कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कचेरीने. मी तीन पत्रं लिहिली."

"मी वाचली नाहीत," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या सरळपणे कबूल केलं की झुवैनाला पुढे काय बोलावं कळेना. मुझनाला कळलं. ती फोनकडे हात करून म्हणाली, "बा! बा!"

"हे कोण?"

"माझी मुलगी. मुझना."

"बरं, उम्म मुझना, मुझनाची आई, ऐक. आधी आमचं शून्य जागेवर ठेव. तासाभराची परवानगी काढतो, माझ्या नावावर, रीतसर. ओमानची दिनदर्शिका वेगळी उभी कर आणि बर्क्याला ती लाव. आणि या वेळी दारातून जा. मी बघत बसतो इथून. माझी ईद अशीही गेलीच आहे."

आठ वाजून दोन मिनिटं. झुवैनाने पुड्याचा कागद समोर ठेवला आणि जुनी ओळ आकडा-आकडा तपासत परत बसवली. दुबईची ईद जागेवर आली. तिकडे अकराशे मोबाइल वाजले असतील. इकडेही वाजले. 'उद्या सुट्टी. ईद मुबारक.' यंत्रावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ठरवा काहीतरी एकदा!"

मग ती रीतसर दारातून आत गेली. पहारेकऱ्याने नाव विचारलं, कारण विचारलं, पुन्हा विचारलं. नवी दिनदर्शिका, नवी ओळ. शेवटून दुसरा आकडा एक, त्यानंतरचा शून्य. आणि लावण्याआधी ती मोठ्याने म्हणाली, "ही ओळ कोण वाचतं?"

"मी!" खल्फानकाका म्हणाले.

"ट्रक. आणखी?"

"हजेरी. पोरांना पाचला बोलावते ती."

"आणखी?"

"कामगारांची बस. गेल्या ईदला माझ्यासाठी बस आली नव्हती, मी चालत आलो होतो."

"आणि कॅन्टीन. तिथे उद्या दुपारी काही शिजायला नको."

एकेक नाव तिने कागदावर लिहिलं, एकेक जाऊन पाहिलं. मुझना तिच्या मांडीवर झोपून गेली होती, तोंड उघडं, मुठीत पुन्हा निळी पट्टी. कुठून मिळाली देव जाणे. आठ पंचवीसला बर्क्यातले मोबाइल तिसऱ्यांदा वाजले. उद्या कामाचा दिवस. साडेआठला यादी निघाली, अठरा ट्रक, एकूण एक दुकान.

शम्माचा मेसेज आला. 'ईद परत मिळाली. आता चहा पिते.' सोबत उंटाचं चित्र.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अवाबी गावातल्या घरी तिसावा रोजा सुटला. सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात दुपारपासून रांग होती, दुकानदार म्हणाला आज लबन येईल असं वाटलंच नव्हतं. झुवैनाने खजुराची बशी मुझनापासून लांब सरकवली. नभानला रात्री सगळं कळलं होतं. त्याने तिच्यासमोर भरलेला पेला ठेवला आणि डोळा घातला. मुझनाने तो पेला पहिल्याच झटक्यात चटईवर ओतला.

ईद संपून कामावर रुजू झाली त्या दिवशी टेबलावर दुबईचा लिफाफा होता. तिने तो खल्फानकाकांसमोरच फोडला. आत दोन कागद. पहिल्यावर समज. परवानगीवाचून टेबलात थेट बदल केल्याबद्दल लेखी ताकीद, ही फायलीत राहील, पुन्हा घडल्यास कडक कारवाई. खाली सही. झुवैनाचं तोंड उतरलं.

"दुसरा वाच," काका म्हणाले.

दुसरा आखूड होता. बर्क्याचा विभाग दुबईला हलवण्याचा बेत रद्द. दोन्ही देशांच्या दिनदर्शिका यापुढे वेगळ्या राहतील आणि ओमानच्या दिनदर्शिकेची जबाबदारी झुवैना खरूसी यांच्याकडे. छापलेल्या मजकुराखाली हाताने लिहिलेलं होतं. 'दुबईत बसून तुमचं आभाळ कोण बघणार? तिन्ही पत्रं वाचली. मुझनाला पापा. आमच्या घरच्यांची मेंदी छान रंगली.'

तिने ते दोनदा वाचलं, मग डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ताकीद फायलीत लावली. दुसरा कागद शौकी उस्तादांच्या रिकाम्या टेबलावर काचेखाली सरकवला आणि फोन उचलून त्यांना सगळं सविस्तर लिहायला बसली, दुसऱ्या बोटापासून.

"बघ, मी म्हणत होतो ना, चांगलीशी चूक कर," खल्फानकाका खुर्ची ओढून जवळ आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज बारीक केला. "पोरी, एक छोटंसं काम होतं. माझ्या हजेरीत गेल्या गुरुवारी उशीर पडलाय. सात मिनिटं. एक आकडा तर आहे. ती तुझी खिडकी…"

"काका."

"अगं, सातच मिनिटं!"

"दारातून या. अर्ज दोनपर्यंत घेतात."